धोटा, गटार आणि राष्ट्राची प्रगती

आधी धोट्याचं बोलू. राष्ट्राचं मागनं.

मुंबईच्या गिरणीत साच्यावर कापड विणताना धोट्यातली कांडी संपली की विणकराला नवी घालावी लागायची. नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा तर भोकाला तोंड लावायचं आणि श्वास ओढायचा. दोरा सर्रकन बाहेर. पाळीभर हेच, पुन्हा पुन्हा. आज या कामगाराच्या ओठाला, उद्या त्याच्या. छातीचे रोग पसरायला याहून सोपी वाट नाही. पण सवर्ण कामगाराला क्षयाची भीती वाटली नाही. त्याला भीती वाटली विटाळाची. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लागेल याची. म्हणून साचेखात्याचं दार आपल्या बापजाद्यांना बंद. आणि पगार कुठं जास्त? साचेखात्यातच. आपली माणसं सूतकताईच्या रिंग खात्यात, कमी पैशावर, कापसाची धूळ खात.

१८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ ला गिरणी सुरू झाली. शाळेच्या पुस्तकात ही आधुनिक भारताची पहाट. वाफेचं इंजिन विलायतेहून बोटीने आलं, पण जातीला बोटीची गरज पडली नाही. ती इंजिनाच्या आधीच गेटातून आत शिरून बसली होती.

१९२८ चा संप आठवा. एप्रिल ते ऑक्टोबर, गिरण्या बंद. मालकांनी 'रॅशनलायझेशन' आणलं होतं, म्हणजे एका माणसाकडून दोघांचं काम. लाल बावट्याचे पुढारी त्याविरुद्ध लढत होते आणि लढाई खरी होती. बाबासाहेबांनी फक्त एवढंच विचारलं की तुमच्या मागण्यांच्या यादीत साचेखात्याचं दार उघडण्याची मागणी आहे का? कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांची तंतरली. कुरकुरत ती मागणी घातली गेली, तर मालकांनी हात झटकले: आम्ही कुठं अडवतो, तुमचेच कामगार अडवतात. भांडवलदार आणि सवर्ण कामगार एका गोष्टीवर एकमत, की दोष दुसऱ्याचा.

आता खरी गोम ऐका. तोंड न लावता दोरा ओवला जाईल असा धोटा आणि कांडी आपोआप बदलणारा माग अमेरिकेत १८९० च्या दशकातच निघाला होता. नॉर्थ्रॉप लूम. म्हणजे १९२८ साली तो तीस वर्षांहून जुना. मुंबईच्या मालकांना ठाऊक नव्हता म्हणता? यंत्रं सगळी परदेशातूनच यायची. पण बहुतेक गिरण्या जुन्या लँकेशायर मागावर बसून राहिल्या, कारण हिशेब सरळ होता. यंत्र महाग, माणूस स्वस्त. गेटावर रोज सकाळी बदली कामगारांची रांग, जॉबर हात दाखवील तो आत. अशा ठिकाणी कोण येडा पैसे घालून आपोआप चालणारा माग आणेल?

विटाळाचं निमित्त मोडून काढणारं यंत्र जगात तयार होतं. ते आलं नाही. कारण जी व्यवस्था विटाळ पाळत होती तीच माणूस स्वस्त ठेवत होती.

अर्थशास्त्राचे प्रोफेसर वर्गात सांगतात की यंत्र आलं की उत्पादन वाढतं, माल स्वस्त होतो, राष्ट्र श्रीमंत होतं. थोड्या लोकांचं काम जातं, पण नवी कामं निघतात. फायदा मोठा, खर्च छोटा. वहीत उतरवून घ्या. मी म्हणतो घ्याच उतरवून, कारण त्यात खोटं फारसं नाही. फक्त फायदा राष्ट्राच्या खात्यावर मांडलाय आणि खर्च कुणाच्या खात्यावर, ते पान फाडलंय.

रॉबर्ट अ‍ॅलन नावाचा अर्थ-इतिहासकार आहे. त्याचं म्हणणं असं की यंत्रक्रांती इंग्लंडात आधी झाली कारण तिथं मजुरी महाग होती आणि कोळसा स्वस्त. मजूर महाग, म्हणून मजूर वाचवणारं यंत्र परवडलं. त्यावर पंडितांत वाद आहेत, चालू द्या. पण हे माप आपल्या देशाला लावून बघा. इथं दोन हजार वर्षं एका मोठ्या समाजाचे कष्ट फुकट किंवा शिळ्या भाकरीवर मिळत आले. वेठ, बलुतं, येसकरी. ज्या मालकाला माणूस शिळ्या तुकड्यावर मिळतो त्याला चाक सुधारायची गरज काय? हे साले म्हणतात आरक्षणाने देश मागे गेला. अरे, देश मागे ठेवला तो फुकटच्या श्रमाने. जात हे फक्त अन्यायाचं प्रकरण नाही, ते तंत्रज्ञान मागे ठेवण्याचं यंत्र आहे आणि ते अजून चालू आहे, विनातक्रार.

दुसरी गोष्ट हात आणि डोक्याची. रिचर्ड आर्कराईट हा इंग्लंडातला न्हावी, केसांचे टोप करणारा. १७६९ साली त्याने सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १७८६ ला तो 'सर' झाला. (दुसऱ्यांच्या कल्पना ढापल्या म्हणून कोर्टात पेटंट गमावलंही, साधू नव्हता तो.) जॉर्ज स्टीफन्सन हा खाणीवरचा पोरगा, अठरा वर्षांचा झाला तरी त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. १८२९ ला त्याचं 'रॉकेट' इंजिन सगळ्यांना मागे टाकून धावलं. जपानचा साकिची टोयोडा सुताराचा मुलगा, गावातल्या हातमागाशी खटपट करत वाढला. त्याच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ साली लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. म्हणजे ज्यांनी जगाला माग विकले त्यांनीच जपानी सुताराच्या पोराकडून माग घेतला. त्याच घराण्याची मोटार आज तुमच्या रस्त्यावर पळते.

आपल्याकडे न्हाव्याचा पोरगा काय झाला? न्हावी. कातडं कमावणाऱ्याच्या हातात चुन्याचं आणि बाभळीच्या सालीचं आख्खं रसायनशास्त्र होतं, पण पुस्तक हातात घ्यायची बंदी. ज्याच्या हातात पुस्तक त्याला कातड्याचा विटाळ. हात इकडे, डोकं तिकडे आणि मधे मनूची भिंत. यातून शोध काय डोंबलाचा लागणार? मग म्हणायचं की इंग्रजांनी आमची प्रगती लुटली. लुटलीच. विणकऱ्याचं पोट मारलं, यात शंका नाही. पण इंग्रज यायच्या आधी कोणी कुणाला लुटलं होतं, तो हिशेब कुणाच्या वहीत आहे?

मात्र यंत्र आपोआप माणूस मोकळा करतं असंही समजू नका. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीने कापसातली सरकी काढणारं यंत्र केलं. जे काम माणसाला दिवसभर पुरायचं ते बघता बघता व्हायला लागलं. श्रम वाचले ना? मग गुलाम सुटले? उलट झालं. कापूस फायद्याचा ठरला, जमीन वाढली, मळे वाढले आणि मळ्यावर राबायला माणसं हवी झाली. १७९० ला त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० ला सुमारे ४० लाख. एका यंत्राने श्रम वाचवले आणि गुलामी फुगवली. मँचेस्टरच्या ज्या गिरण्यांनी जगाला कापड पुरवलं त्या याच कापसावर चालल्या. १९७२ साली आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव ज्यांच्याकडून घेतलं ते या मळ्यांवरच्या गुलामांचे पणतू होते, हे विसरायचं नाही.

आणि खुद्द इंग्लंडच्या मजुराला तरी काय मिळालं? अ‍ॅलनच्याच हिशेबाने १७८० ते १८४० या काळात तिथं दर कामगारामागचं उत्पादन जवळपास निम्म्याने वाढलं, मजुरी मात्र जेमतेम हलली. साठ वर्षं! दोन पिढ्या जळून गेल्या त्या 'तात्पुरत्या' काळात. विणकरांनी माग फोडले तर १८१२ साली सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. कवी बायरन सरदारांच्या सभागृहात पहिल्यांदा उभा राहिला तो त्या कायद्याविरुद्ध. रिकार्डो हा भांडवलदारांचा लाडका अर्थशास्त्रज्ञ. यंत्राने सगळ्यांचंच भलं होतं असं तो आधी मानायचा. १८२१ साली त्याने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत एक नवीन प्रकरण घातलं आणि मान्य केलं की यंत्राने मजुराचं नुकसान होऊ शकतं, मजुराची तक्रार अडाणीपणाची नाही. दोनशे वर्षं झाली. आपल्या अर्थमंत्र्यांपर्यंत ते प्रकरण अजून पोचायचंय. तिथला मजूर पुढे वर आला तो युनियनच्या जोरावर, कारखाना कायद्याने, दहा तासांच्या दिवसाने, मताच्या हक्काने. यंत्र तेच होतं. मजुराची ताकद बदलली तेव्हा वाटा बदलला.

म्हणून मला गांधींचं यंत्रविरोधाचं प्रकरण कधी पटलं नाही. १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी यंत्राला पाप ठरवलं. पुढे शिवणयंत्राला वगैरे सूट दिली, पण कल चरख्याकडे आणि खेड्याकडेच. ज्याच्या घरी पाणी भरायला दुसरं कोणी आहे त्याला साधेपणा परवडतो. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात याला सरळ उत्तर दिलं. जनावरासारखं राबण्यातून माणसाची सुटका करायची आणि त्याला मन घडवायला फुरसत द्यायची, तर यंत्र हवंच. यंत्राने जी दुर्दशा झाली तिचा दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेत ते खाजगी नफ्यासाठी वापरलं गेलं तिचा आहे. हे काही त्यांना १९४५ ला सुचलं नव्हतं. १९१८ साली, वय सत्तावीस, तेव्हाच त्यांनी शेतीच्या तुकड्यांवरच्या निबंधात लिहिलं होतं की जमिनीवर नुसती माणसं साचलीत, इलाज कारखानदारीचा आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ ते ४६, ते वीज आणि नद्यांच्या मागे लागले होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांचा हात लागलेला आहे. आणि १९४७ ला घटना समितीसाठी जे निवेदन लिहिलं त्यात मुख्य उद्योग आणि शेती सरकारी मालकीची हवी, असं ठणकावून मांडलं. धरणाचं आणि विजेचं श्रेय वाटताना कुणाचे फोटो लागतात ते तुम्ही बघताच.

तर यंत्र हवं. पण कुणाच्या मालकीचं? या प्रश्नावर गिरणगाव मेलं.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. जवळपास लाखभर लोकांची कामं कायमची गेली. तेव्हापासून एक थाप चालते की गिरण्या जुनाट होत्या, नव्या तंत्रज्ञानापुढे टिकल्या नाहीत, प्रगतीची किंमत असते. कसली प्रगती? कापड गेलं कुठं ते बघा ना. भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला. पत्र्याच्या शेडमध्ये, यंत्रमागावर, बारा तासांची पाळी, ना फंड ना ईएसआय. आणि त्या शेडमधले कितीतरी माग गिरण्यांनीच भंगारात काढलेले! देशातलं निम्म्याहून जास्त कापड पुढे याच यंत्रमागावर निघू लागलं. म्हणजे काम नव्या यंत्राकडे गेलं नाही, ते जुन्या यंत्राकडे आणि स्वस्त माणसाकडे गेलं. पुन्हा तोच धोट्याचा हिशेब. तंत्रज्ञान मागे चाललं होतं आणि त्याला नाव दिलं आधुनिकीकरण.

मालकाला कापडात रस उरलाच नव्हता. पायाखाली सुमारे ६०० एकर जमीन होती, मुंबईच्या पोटात. १९९१ च्या नियमाने त्यातला एक तृतीयांश शहराला, एक तृतीयांश घरांना आणि उरलेला मालकाला असं ठरलं. २००१ ला सरकारने गुपचूप दुरुस्ती केली की वाटा फक्त मोकळ्या जागेतला द्यायचा, शेड उभी होती ती जागा धरायची नाही. २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्का मारला. मग फिनिक्सचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि पब आले. गिरणी कामगाराचा पोरगा त्याच गेटावर सिक्युरिटीचा निळा शर्ट घालून उभा, बारा तास. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात मात्र तो मॉल गिरणीपेक्षा भारी दिसतो. इंदू मिलची साडेबारा एकर आपण लढून घेतली, २०१५ ला तिथं बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. अभिमान आहे. पण उरलेल्या एकरांवर कामगाराच्या घरासाठी आपल्यातले किती पुढारी रस्त्यावर आले, हेही एकदा मोजू.

ऑफिसातली गोष्ट वेगळी. आपली पहिली शिकलेली पिढी कुठं लागली? पोस्टात, रेल्वेत, बँकेत, एलआयसीत. कारकून. खर्डेघाशी म्हणून हसतात लोक, पण त्या खुर्चीने घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार आणला, पोरगी कॉलेजात गेली. १९८३ ला बँकांच्या युनियनने मालकांशी संगणकाचा करार केला, १९८४ ला रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणक आला, पासबुक छापलं जाऊ लागलं, रांग लहान झाली. चांगलं झालं. नोकरीत असलेल्यांना कुणी काढलं नाही, युनियनने खुर्च्या वाचवल्या. पण जो अजून लागलाच नव्हता, जो दाराबाहेर आरक्षणाची यादी बघत उभा होता, त्याच्या वतीने टेबलावर कोण बसलं होतं? कोणीच नाही. सरकारी जागा आटत गेल्या आणि नवी कामं निघाली ती सॉफ्टवेअर कंपन्यांत, जिथं आरक्षण नाही. 'नवी कामं निघतात' हे प्रोफेसरचं वाक्य खरं ठरलं. फक्त ती आपल्या दारात निघाली नाहीत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा चाललाय. कारकुनी आणि कॉल सेंटरचं काम ती खाईल म्हणतात. खाईल तेव्हा खाईल, पण करार लिहिताना यावेळी टेबलावर कोण असेल ते आत्ताच ठरवायला लागेल.

आणि आता गटार. इथं उलटा न्याय आहे. जिथं यंत्र यावं म्हणून आपण ओरडतो तिथं ते येत नाही.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढे डब्यात संडास आले, त्यांचं भोक थेट रुळावर. खालची घाण झाडूने कोण काढायचं ते सांगायला नको. ती बंद करणारा बायो-टॉयलेट रेल्वेच्या डब्यांत बसायला एकविसावं शतक उजाडावं लागलं आणि ते तंत्रही संरक्षण खात्याने मुळात बर्फातल्या जवानांसाठी काढलं होतं. दीडशे वर्षं इंजिन बदलत गेलं, कोळसा, डिझेल, वीज. डब्याखालचा माणूस तोच.

१९९३ ला कायदा झाला. २०१३ ला दुसरा झाला. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, २०२३ ला ते ३० लाख केले. त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ अलगद उतरलं. मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटार आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसं मेली, हे सरकारने स्वतः संसदेत सांगितलं. सरकारनेच शहरातल्या गटार-टाकी कामगारांची मोजणी केली तर त्यात सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातीचे निघाले. आता म्हणा, तंत्रज्ञान जातपात मानत नाही!

गल्ली अरुंद, गाडी शिरत नाही, हे कंत्राटदाराचं ठरलेलं उत्तर. हैदराबादच्या पाणीपुरवठा मंडळाने २०१७ ला अरुंद गल्लीत शिरणाऱ्या छोट्या जेटिंग गाड्या आणल्या. केरळातल्या पोरांनी 'बँडिकूट' नावाचा रोबो केला, बँडिकूट म्हणजे घूस, तो २०१८ ला तिरुवनंतपुरमच्या गटारात उतरला. म्हणजे यंत्र आहे, देशातच झालंय, आपल्याच भाषेतल्या घुशीएवढं साधं. मग अडतं कुठं? यंत्राला पैसे लागतात आणि माणूस नाक्यावर काही शे रुपयांत मिळतो. मेला तर कंत्राटदार म्हणतो, तो माझा माणूसच नव्हता. गेटावरची बदली कामगारांची रांग आठवते का?

आणि यंत्र आलं तरी डोळे मिटून घेऊ नका. गटारातलं काम स्टिअरिंगवरचं काम झालं, त्याला पगार आणि युनिफॉर्म आला, की विटाळ एका रात्रीत पळतो. मग त्या सीटवर बसायला सगळ्या जातींचे अर्ज येतील आणि पिढ्यान् पिढ्या आत उतरलेला माणूस 'लायसन्स नाही' म्हणून बाहेर. यंत्र आणि कायम नोकरी ही एकच मागणी आहे, दोन नाहीत. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तो वर्षानुवर्षं युनियनने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर.

तेव्हा पुढच्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपापल्या वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. दहा रुपये लागतात. प्रश्न साधे ठेवा. वॉर्डात गटारं साफ करायची यंत्रं किती, चालू किती, बंद किती. ती चालवायला कोण, कायम की कंत्राटी. कंत्राट कुणाकडे, किती रकमेचं. त्यातली यंत्राची रक्कम किती आणि माणसांची किती. गेल्या पाच वर्षांत आत किती वेळा माणूस उतरवला. शेवटचा प्रश्न नीट, स्वच्छ अक्षरात लिहा. 'असा प्रकार घडलेला नाही' असं उत्तर लेखी आलं तर कागद जपून ठेवा, कोर्टात तोच उपयोगी पडणार आहे.